भाच्याचा संगणक

संगणक जुळविणे आणि लग्न जुळविणे सारखेच, असे आमच्या साताऱ्यातले एक दुकानदार म्हणत असतात. मला ते काही पटत नाही. लग्नात छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले की मंडळी अक्षता घेऊन उभी राहतात. येथे एक खाच चुकली तर मेमरीची पट्टी जागेवर बसतच नाही!

सांगलीला माझी थोरली बहीण असते. तिच्या चिरंजीवांना खेळांसाठी संगणक हवा होता, तोही सुटे भाग आणून जुळविलेला. साठ हजारांची मर्यादा घालून, मॉनिटर घरचाच जुना धरून, ताईने त्याची यादी माझ्याकडे धाडली. जी वस्तू जिथे स्वस्त दिसली तिथून ती उचललेली. प्रोसेसर एएम-४ चा, मदरबोर्ड एएम-५ चा. नवराबायकोची तोंडे पहिल्याच दिवशी दोन दिशांना.

वाचकहो, अशी यादी आज ना उद्या आपल्याही घरी येणार, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचे एएम-४ सॉकेट २०१६ सालचे, एएम-५ हे २०२२ चे. पहिल्यात टाचण्या प्रोसेसरच्या पोटाला असतात, दुसऱ्यात त्या बोर्डावर. एएम-४ ला डीडीआर-४ मेमरी लागते, एएम-५ ला डीडीआर-५. इंटेलच्या काही बोर्डांची तऱ्हा आणखी निराळी. सॉकेट एकच, पण एक बोर्ड डीडीआर-४ घेतो तर दुसरा डीडीआर-५. तेव्हा खोक्यावरचे बारीक अक्षर वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत.

"मामा, सगळंच एएम-५ घेऊ. पुढं नुसता प्रोसेसर बदलला की झालं," भाचा फोनवर म्हणाला. बोलणे खोटे नव्हते. पण २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव असे चढले (कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रे ती गिळू लागली ना!) की, पुढची सोय करता करता ग्राफिक्स कार्डच यादीतून गळत होते. आणि खेळ रंगतो तो मुख्यतः कार्डाच्या जिवावर. मी एएम-४ वर बोट ठेवले. रायझन ५ ५६००, मेमरीच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, कारण जोडी एकटीपेक्षा वेगाने चालते, आणि आरएक्स ६६०० कार्ड. या ५६०० ला चित्र दाखविण्याची स्वतःची सोय नाही. ती ५६००जी ला असते. बी४५० बोर्ड स्वस्त पडत होता, पण तो २०१८ सालचा. त्याचे बायोस जुने राहिले असेल तर हा प्रोसेसर तो ओळखतही नाही. दुकानातच ते नवे करून घ्यावे.

खरा वाद झाला एसएमपीएसवरून. म्हणजे घरची वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा डबा. भाच्याने रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटबरोबर फुकट येणारा धरला होता. ताई म्हणाली, "अरे, दिसायला नुसता पत्रा. त्याला वेगळे तीन-साडेतीन हजार कशाला?"

"ताई, वीस हजारांचं कार्ड त्याच्या भरवशावर असतं. तो जळताना एकटा जळेलच असं नाही."

प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ चे, बाकी किरकोळ. सारे मिळून अडीचशेच्या आत. तेव्हा साडेचारशेचा पुष्कळ झाला, पण तो खरोखर साडेचारशेचा हवा. फुकटच्या डब्यावर आकडा छापायला काय लागते? नामांकित बनावटीचा, ८० प्लसची खूण असलेला, कार्डाला लागणारी आठ टोकांची वायर असलेला घ्यावा. ताईने शेवटी रक्कम मंजूर केली, बरीच कुरकुर करून.

पैसे आले कोठून? रंगीत दिवे गेले. त्यांच्या जागी पुढे जाळी असलेले साधे कॅबिनेट आले. सांगलीच्या उन्हाळ्यात हवा खेळती हवी, काचेची शोभा काय चाटायची! कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये पाहून मगच ते घ्यायचे. आणि ठेवायचे ते टेबलावर, जमिनीवर मुळीच नाही. कृष्णामाईने २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीत कुठवर पाय पसरले, ते ताईला मी सांगायला नको.