जुन्या गोव्यांतील एक मठ

आमच्या वाचकवर्गांतील पुष्कळ कुटुंबांचीं कुलदैवतें गोमांतकांत आहेत. नवस फेडणें, नव्या जोडप्यास देवाच्या पायांवर घालणें अशा निमित्तानें मंगेशी, म्हार्दोळ, कवळें येथें त्यांचें जाणें होतेंच. तेथून पणजीस येतांना वाटेंत जुनें गोवें लागतें. गाडी थांबते, सेंट झेवियरचें शव जेथें ठेवलें आहे त्या बॉम जेझूच्या चर्चमध्यें मंडळी दाटीवाटीनें जाऊन येतात, आणि लगेच मुलांना शहाळीं आठवतात. रस्त्यापलीकडे, से कॅथीड्रलला लागून, दुसरें एक चर्च व त्याचा मठ आहे. तिकडे फारसें कोणी वळत नाहीं. मंगेशास जाणाऱ्या माणसानें तरी तिकडे वळावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. झेवियर हा सोळाव्या शतकांतील जेझुइट; सन १५५२ मध्यें चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. हें चर्च ज्याच्या नांवाचें, तो फ्रान्सिस इटलींतील असिसी गांवचा. कापडाच्या सधन व्यापाऱ्याचा हा मुलगा बापाची संपत्ति टाकून भिक्षान्नावर राहिला व सन १२२६ मध्यें निवर्तला. आपल्याकडील परिव्राजकाची आठवण व्हावी असेंच त्याचें चरित्र आहे. त्याच्या पंथाचे साधु सन १५१७ मध्यें गोव्यास आले. आजची इमारत मात्र १६६१ ची. जुन्या चर्चचा फक्त दरवाजा नव्या भिंतींत बसवून राखला आहे. काळसर दगडाचा, गुंतागुंतीच्या कोरीव कामाचा हा दरवाजा पांढऱ्या दर्शनी भागांत एखाद्या घरंदाज म्हातारीसारखा उठून दिसतो. आंत पाऊल टाकावें तों समोर सोन्याचा वर्ख दिलेली भव्य वेदी. तिच्यावर क्रूसावरील येशू व त्याच्याजवळ फ्रान्सिस. खालीं त्या साधूचीं तीन व्रतें कोरलेलीं: दारिद्र्य, नम्रता व आज्ञापालन. दारिद्र्याचें व्रत सोन्यांत वाचावयास मिळावें, हें पाहून हसूं येतें. पण मठ आणि मठाचें वैभव हा विषय आपल्याकडेही कांहीं नवा नाहीं!

जमिनीवर थडग्यांच्या शिळा बसवल्या असून त्यांवर घराण्यांचीं मानचिन्हें कोरलेलीं आहेत. देवासमोर पुरलें जाणें हा त्यांच्यांत बहुमान असे. तरी मुलांना कडेनें चालावयास सांगावें.

इमारत जांभ्याची, वरून चुन्याचा गिलावा. आमच्या कोंकणांतील वाचकांस जांभ्याचा स्वभाव सांगावयास नको. गिलावा गेला कीं पावसाचें पाणी दगडांत मुरतें, झाडें मूळ धरतात व भिंत फुगते. सन १८३५ मध्यें पोर्तुगीज सरकारनें साधूंचे पंथच मोडले व मठ ओस पडले. जवळच्या टेकडीवरील ऑगस्टीन पंथाच्या चर्चचें छप्पर सात वर्षांत कोसळलें. १९३१ मध्यें मनोऱ्याचाही बराच भाग ढांसळला. आज तेथें छेचाळीस मीटर उंचीचा एकच सुळका उभा आहे. असिसीकराचा मठ मात्र वांचला. चर्चमध्यें आतां नित्य उपासना होत नाहीं, आणि मठांत १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याचें संग्रहालय आहे.

कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतात, ज्यांनीं आमचे देव हाकलले त्यांच्या घरांत आम्ही कां जावें? प्रश्न रास्त आहे. पण त्या घरांत आज आहे काय, तें ऐका. एका बाजूस गव्हर्नर व व्हाइसरॉय यांचीं सुमारें साठ चित्रें. दुसऱ्या बाजूस विष्णु, सूर्य, महिषासुरमर्दिनी, सतीच्या शिळा आणि कदंब राजांच्या काळचे वीरगळ. कांहीं वीरगळांवर नौकायुद्ध कोरलें आहे; खालीं वल्हीं मारणारे खलाशी, वर स्वर्गांत नेला जाणारा वीर. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें असे वीरगळ आहेत, ते ज्यांनीं पाहिले असतील त्यांस हे लगेच ओळखूं येतील. कोणा खलाशाच्या आप्तांनीं हे दगड उभे केले, तेव्हां पोर्तुगीजांची नौका या समुद्रांत यावयास दोनतीनशें वर्षें होतीं.

चित्रांची मालिका जुआंव द काश्त्रु या व्हाइसरॉयानें सन १५४७ मध्यें सुरू करवली. काम गास्पार कोरेया या इतिहासलेखकाकडे होतें व त्याच्या हाताशीं एक एतद्देशीय चितारी होता. कोरेयानें त्याचा उल्लेख केला, नांव दिलें नाहीं. पुढें वेळोवेळीं वरून इतके रंग चढले कीं त्याचा हात आतां शोधूनही सांपडणें कठीण. या मालिकेंत कोन्स्तान्तीनु द ब्रागांस (१५५८–६१) हाही आहे. त्याच्याच अमदानींत, सन १५६० मध्यें, श्रीमंगेशाचें लिंग कुशस्थळीहून जुवारी नदीपलीकडे आदिलशाही मुलखांत, प्रियोळास नेण्यांत आलें. त्याच वर्षीं गोव्यांत इन्क्विझिशन बसलें व मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडतां १८१२ पर्यंत टिकलें. ही स्थलांतराची कथा आपल्या घरांत आजी सांगते. पण तींत «फिरंगी» एवढाच एक शब्द असतो. येथें त्याला चेहरा, पोशाख व सन मिळतो.

मुलांना हें सर्व स्पष्ट सांगावें. गुळमुळीत करूं नये. आणि त्याबरोबर हेंही सांगावें कीं, रातोरात देव घेऊन गेले ते आपले, तसे जमीन व म्हातारे आईबाप सोडवले नाहींत म्हणून मागें राहिले व बाटवले गेले तेही आपलेच. साष्टी-तिसवाडींतील कित्येक ख्रिस्ती घराणीं आपलें मूळचें कूळ व गांवचा देव आजही जाणतात. असो.

सवड असल्यास तेथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरावें. समोर मांडवींत दिवाडी बेट आहे; फेरीबोट मिळते. कदंबांच्या सप्तकोटेश्वराचें मूळ स्थान याच बेटावर. देऊळ पोर्तुगीजांनीं पाडलें, तळें शिल्लक आहे. देव नदीपलीकडे डिचोलीकडील नार्व्यास गेला, आणि तेथील देवालय शिवछत्रपतींनीं शके १५९० मध्यें, म्हणजे सन १६६८ मध्यें, नव्यानें बांधण्यास लावलें. तसा शिलालेख दारावर आहे. तो मुलांकडून वाचून घ्यावा.