निष्ठेचा हिशेब आणि परतीची वाट

नेताजी पालकर यांच्याविषयी आपल्याकडे दोन वाक्ये तयार असतात. एक, ते ‘प्रतिशिवाजी’ म्हणून ओळखले जात. दुसरे, ते मोगलांकडे गेले, मुसलमान झाले आणि पुन्हा परत आले. या दोन वाक्यांच्या मधली दहा वर्षे, 1666 ते 1676, फारसे कोणी उलगडत नाही. अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे अधिक खटकते, कारण नेताजींचे गाव म्हणून ओळखले जाणारे चौक आमच्यापासून लांब नाही. बदलापूर मागे टाकून कर्जत गाठावे आणि तिथून पनवेलच्या मार्गाला लागावे, की वाटेत चौक येते. कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये घेतली, तेव्हा हा सगळा मुलूख स्वराज्याच्या नकाशात आला. म्हणजे हा इतिहास आमच्या अंगणातला आहे.

या अंगणात सध्या दोनच शब्दांचे राज्य आहे, निष्ठावंत आणि गद्दार. जून 2022 मधल्या पक्षफुटीपासून ठाणे जिल्ह्यातल्या भाषणांत, फलकांवर, चौकातल्या गप्पांत माणसांची विभागणी याच दोन शब्दांनी होते आणि त्यासाठी सतराव्या शतकातल्या सरदारांची नावे उसनी घेतली जातात. या सवयीविषयी मला गांभीर्याने सावध करायचे आहे. चुकलेला, सोडून गेलेला आणि विकला गेलेला ही तीन वेगवेगळी माणसे आहेत. त्यांना एकच नाव देणारा समाज आपली कर्ती माणसे गमावतो आणि खऱ्या सौदेबाजांना मात्र मोकळे सोडतो. नेताजींचे आयुष्य याचा उत्तम धडा आहे.

आधी ते आयुष्य नीट पाहू. नेताजी स्वराज्याच्या घोडदळाचे सरनोबत होते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला, तेव्हा त्याच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत नेताजींचे घोडदळ आघाडीवर होते. पुढे त्यांनी थेट विजापूरच्या दिशेने आदिलशाही मुलखात धडक मारली. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला असताना मोगली मुलखात घुसून त्याचे लक्ष विचलित करणारेही तेच. एका जागी न थांबता शत्रूला दमवायचे, ही या युद्धाची पद्धत होती आणि नेताजी त्या पद्धतीचे सर्वांत अनुभवी हात होते.

जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला. 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि विजापूरच्या मोहिमेत मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांना साथ देण्याचे बंधन आले. आदल्या वर्षीपर्यंत ज्या मोगलांचा मुलूख लुटला, त्यांच्याच छावणीत नेताजींना उभे राहावे लागले. जानेवारी 1666 मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला. तो फसला आणि सुमारे हजार माणसे कामी आली. नेताजी ठरल्या वेळी पोहोचले नाहीत, असा ठपका त्यांच्यावर आला आणि सरनोबती गेली. ती पुढे कडतोजी गुजरांना, म्हणजेच प्रतापरावांना मिळाली. बखरीने महाराजांचा संताप नोंदवला आहे. नेताजींची बाजू मात्र आपल्यापर्यंत आलेली नाही. एका रात्रीच्या उशिराची शिक्षा आपल्याला ठाऊक आहे, त्या उशिराची कारणे कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्यानंतर नेताजी आदिलशाहीला मिळाले. जयसिंगांनी थोड्याच दिवसांत त्यांना पाच हजारी मनसब देऊन मोगलांकडे वळवले. इथपर्यंत गोष्ट ओळखीची वाटते. रागावलेला सरदार बाहेर पडला, त्याला मोठी किंमत मिळाली आणि त्याने ती घेतली. पण ही किंमत किती काळ टिकली? महाराज 17 ऑगस्ट 1666 रोजी आग्र्यातल्या मोगली कैदेतून निसटले आणि त्याबरोबर नेताजींचे मोगली मोल संपले. ते आता महाराजांना जाऊन मिळतील या भीतीने ऑक्टोबरमध्ये त्यांना धारूरजवळ कैद करण्यात आले, उत्तरेत नेण्यात आले आणि 1667 मध्ये धर्मांतर करून त्यांना महंमद कुलीखान हे नाव देण्यात आले. मग त्यांची रवानगी काबूलच्या बाजूला झाली. सह्याद्रीतला सेनानी पुढची जवळजवळ नऊ वर्षे परक्या सरहद्दीवर राबला.

जो दरबार फुटून आलेल्या माणसाला आज मनसब देतो, तो उद्या त्याच्यावरच संशय घेतो. ज्या गुणासाठी त्याला विकत घेतले, म्हणजे तो आपला पक्ष सोडू शकतो हा गुण, तोच पुढे त्याचा गुन्हा ठरतो. पक्ष बदलून सन्मान मिळेल असे मानणाऱ्या प्रत्येकाने नेताजींचे 1666 हे एक साल वाचावे. मार्चमध्ये पंचहजारी आणि ऑक्टोबरमध्ये कैदी.

त्या कैदेतल्या धर्मांतराकडे आपण कसे पाहतो, हेही तपासायला हवे. बंदीत असलेल्या माणसाकडून करवून घेतलेली गोष्ट त्याच्या निष्ठेच्या खात्यात मांडता येत नाही. हे उल्हासनगरला तरी समजावून सांगावे लागू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत 1947 नंतर जे सिंधी कुटुंबकबिले उतरले, त्यांच्यापैकी अनेकांसमोर घर की धर्म असा प्रश्न उभा राहिला होता. अशा निवडीमागे किती भीती असते हे त्या पाच कॅम्पांतल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेले होते.

आता परतीकडे येऊ. 1676 मध्ये नेताजी मोगल सरदार दिलेरखानाबरोबर दक्षिणेत आले आणि तिथून निघून महाराजांकडे पोहोचले. त्या वर्षी जूनमध्ये त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले. या प्रसंगाचा आज धर्माच्या प्रचारासाठी पुष्कळ वापर होतो, पण त्यातली राज्यकारभाराची बाजू झाकली जाते. नेताजींना परत घेतले, सरनोबती मात्र परत दिली नाही. ती तेव्हा हंबीरराव मोहित्यांकडे होती आणि त्यांच्याकडेच राहिली. माणसाला समाजात जागा आहे, पण गेल्याने रिकामी झालेली आणि दुसऱ्याने आपल्या कर्तबगारीने भरलेली खुर्ची त्याला मिळणार नाही, अशी ही स्पष्ट मांडणी होती. परत येणाऱ्याचा अपमान झाला नाही आणि राहिलेल्यांवर अन्यायही झाला नाही.

हा अपवाद नव्हता. खुद्द संभाजी महाराज डिसेंबर 1678 मध्ये दिलेरखानाकडे गेले आणि 1679 च्या अखेरीस परतले. शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर जाऊन त्यांना भेटले. तो परतीचा दरवाजा बंद झाला असता तर औरंगजेबाशी 1681 पासून 1689 पर्यंत झुंजलेला छत्रपती स्वराज्याला मिळाला नसता. आजच्या भाषेत त्या एका वर्षावरून त्यांच्यावर शिक्का मारायचा झाला तर काय उरेल, याचा विचार करावा.

महाराजांच्या कारभाराला पूजेपलीकडे जाऊन समजून घ्यायचे असेल, तर एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. सेनापतीला दिलेल्या कठोर बोलाची किंमत राज्याने दोनदा मोजली. पन्हाळ्यानंतर नेताजी गेले. पुढे 1673 मध्ये प्रतापराव गुजरांनी शरण आलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला जाऊ दिले, त्यावर महाराजांचा रोष झाला आणि 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या साथीदारांसह शत्रूवर चालून गेले व मारले गेले. एक अपमान घेऊन बाहेर पडला, दुसरा अपमान घेऊन मरणाला सामोरा गेला. चुकीचा जाब विचारणे आवश्यकच होते. पण चुकलेल्या माणसाला चूक भरून काढायला सन्मानाची जागा उरली पाहिजे, हा बोध या दोन घटनांतून निघतो. 1676 मधले नेताजींचे परतणे आणि पन्हाळ्यावरची संभाजी महाराजांची भेट पाहिली की तो बोध महाराजांनीही घेतला असावा असे मला वाटते.

त्याच शतकात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आयर्लंडमध्ये जवळजवळ अशीच एक कहाणी घडली. इंचिक्विनचे सरदार मरो ओब्रायन जुन्या आयरिश राजघराण्यातले, पण वाढलेले प्रॉटेस्टंट. 1647 मध्ये इंग्लिश संसदेच्या बाजूने लढताना त्यांनी कॅशेल इथे भीषण कत्तल केली आणि 1648 मध्ये तेच राजाच्या पक्षाला मिळाले. संसदेचा सेनानी क्रॉमवेल आयर्लंडमध्ये आल्यावर त्यांच्याच फौजेतल्या प्रॉटेस्टंट शिपायांनी त्यांची साथ सोडली. ते फ्रान्सला गेले, तिथे कॅथलिक झाले, फ्रेंचांसाठी लढले, 1660 मध्ये समुद्रावर अल्जीरियाच्या चाच्यांच्या हाती सापडून खंडणीवर सुटले. राजेशाही परतल्यावर त्यांना जमिनी परत मिळाल्या, पण धर्मामुळे मन्स्टर प्रांताचा जुना अधिकार मिळाला नाही. नेताजींशी साम्य उघड आहे. फरक इतकाच की कॅशेलच्या रक्ताचा डाग मरो ओब्रायन यांच्या नावावरून कधी पुसला गेला नाही, आणि पुसला जाऊही नये. परतीची वाट ठेवणे म्हणजे अत्याचार विसरणे नव्हे.

आयर्लंडने, किंवा तिथल्या इंग्लिश सत्तेने, पुढे काय केले हे अधिक महत्त्वाचे आहे. 1691 मध्ये लिमरिकचा तह झाला आणि पराभूत आयरिश फौजेतले सुमारे 14,000 सैनिक पॅट्रिक सार्सफील्ड यांच्या मागोमाग फ्रान्सला निघून गेले. मागे राहिलेल्या कॅथलिकांवर कायद्यांची जाळी पडली. सैन्यात, सरकारी पदांवर, जमिनीच्या खरेदीत त्यांना मज्जाव झाला. परतीचा दरवाजा कायद्याने बंद झाला. परिणाम 1745 मध्ये फाँतन्वाच्या रणांगणावर दिसला. तिथे इंग्लिश नेतृत्वाखालच्या फौजेचा पराभव करणाऱ्या फ्रेंच सैन्यात आयरिश ब्रिगेडने मोलाची कामगिरी बजावली. दोन पिढ्यांपूर्वी हाकललेल्यांची नातवंडे समोरून चालून आली होती.

त्याच 1691 साली इकडे नेमका उलटा धोका उभा राहत होता. संभाजी महाराजांच्या वधानंतर, जिंजीहून राज्य राखण्याच्या धडपडीत, राजाराम महाराजांना सरदारांना धरून ठेवण्यासाठी वतनांचे आमिष दाखवावे लागले. हणमंतराव घोरपड्यांना रायगडपासून दिल्लीपर्यंतचे मुलूख जिंकल्यावर मिळणाऱ्या रकमांचे आश्वासन त्याच साली दिले गेले. शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता, नवी वतने देणे ते टाळत. आता निष्ठेला जमिनीचा भाव लागला. देशमुख मोगलांकडे जात, अधिक मिळाले की इकडे येत, पुन्हा तिकडे जात. त्या निकराच्या वर्षांत दुसरा मार्ग कदाचित नव्हताही. पण याच वातावरणात 1697 मध्ये संताजी घोरपडे यांच्यासारखा सेनानी म्हसवडच्या नागोजी मान्यांकडून मारला गेला, आणि त्याच नागोजींनी दोन्ही बाजूंची चाकरी केलेली होती.

म्हणून दोन टोके ओळखली पाहिजेत. जिथे परतीची वाटच नाही, तिथे फाँतन्वा घडते. जिथे जाण्या-येण्याला बक्षीस आहे, तिथे वतनांचा बाजार भरतो. 1676 मधला निर्णय या दोहोंच्या मधला होता. घर मिळेल, पद मिळणार नाही.

आजच्या राजकारणाला हीच कसोटी लावून पाहावी. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 मध्ये घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने आला. 2003 मध्ये एकतृतीयांश फुटीची सवलत काढून टाकण्यात आली. नगरपालिका आणि महापालिकांसाठी महाराष्ट्राचा 1986 चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर सगळीकडे तो लागू आहे. कायदा आहे, तरीही भाषा गद्दारीची आणि व्यवहार बाजाराचा, असे का होते? कारण आपण माणसाला शिव्या देतो आणि त्याला मिळालेल्या बक्षिसाकडे पाहत नाही. उलट आपल्या बाजूला येणाऱ्याचे हार घालून स्वागत करतो. काल जो गद्दार होता तो आपल्याकडे आला की निष्ठावंत ठरतो. शब्द असे स्वस्त झाले की सच्चा विरोधक आणि विकाऊ माणूस यांतला फरक सांगायला शब्दच उरत नाहीत.

याचा सर्वांत मोठा तोटा आमच्या शहरातल्या तरुणांना होतो. दिवाळीत मातीचे किल्ले करणारी, लोकलच्या गर्दीत मोबाइलवर इतिहासाच्या चित्रफिती पाहणारी ही मुले आहेत. त्यांच्यापर्यंत नेताजी एका शब्दात पोहोचतात, कधी शूर म्हणून, कधी फुटलेले म्हणून. ज्यांचे पूर्वज एका शब्दात मावतात, ती मुले समोरच्या जिवंत माणसालाही एका शब्दातच मोजायला शिकतात. मग पक्षाच्या बैठकीत शंका विचारणारा कार्यकर्ता फुटीर ठरतो, कारखान्यातल्या संघटनेत तडजोड सुचवणारा मालकाचा माणूस ठरतो, आणि हुशार माणसे गप्प बसतात किंवा निघून जातात.

सार्वजनिक जीवनात कोणाला गद्दार म्हणण्याआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत. हा माणूस चुकला की सोडून गेला? गेला तर अपमानाने, भीतीने की मोबदल्यासाठी? जाऊन त्याने काय मिळवले? आणि परत आला तर त्याला जागा द्यायची की पद? पक्ष सोडणाऱ्याला नव्या पक्षात कोणतेही पद मिळण्याआधी मतदारांसमोर पुन्हा उभे राहावे लागेल, असा नियम पक्षांनी स्वतःहून स्वीकारला तर निम्मा बाजार आपोआप उठेल. मत बदलण्याचा अधिकार राहील, त्याची किंमत वसूल करण्याची सोय राहणार नाही. तो नियम येईपर्यंत हे काम मतदारांचे आहे. पक्ष कोणताही असो, आपल्या प्रभागातला उमेदवार दारात आला की त्याला हा हिशेब विचारावा, आणि तो आपल्या आवडीच्या बाजूचा असेल तर अधिक कसून विचारावा.