विश्वासाचे भांडवल

व्यापारात रोकड कमी पडली तर उसनवारी करता येते. पत गेली तर ती कोणत्याही पेढीवर उसनी मिळत नाही. बँकेच्या नोकरीत हे सूत्र मी अनेक खात्यांत पडताळून पाहिले. त्याचे एक निर्मळ उदाहरण मात्र अमेरिकेतील मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आढळते.

'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' हा कार्यक्रम पिट्सबर्ग शहरात तयार होई आणि १९६८ पासून २००१ पर्यंत देशभर दाखविला गेला. फ्रेड रॉजर्स घरात येत, कोट उतरवून स्वेटर चढवीत, बूट बदलीत आणि समोर एकच मूल बसले आहे अशा संथपणे बोलत. राग, भीती, मृत्यू, आईवडिलांचा घटस्फोट हे विषय त्यांनी टाळले नाहीत. एका अंध मुलीला माशांची काळजी वाटते असे पत्र आल्यावर, माशांना खाऊ घालताना ते तसे मोठ्याने सांगू लागले.

१ मे १९६९ रोजी सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या २ कोटी डॉलर अनुदानावर कपातीचे सावट होते. सिनेटच्या उपसमितीपुढे रॉजर्स अवघी काही मिनिटे बोलले. आपल्या एका भागाचा खर्च ६,००० डॉलर असून तेवढ्यात व्यंगचित्रपटाची दोन मिनिटेही होत नाहीत, हा हिशेब त्यांनी मांडला. मग रागावर ताबा कसा ठेवावा हे मुलांना शिकविणाऱ्या गाण्याचे शब्द ऐकविले. कडक स्वभावाचे अध्यक्ष जॉन पास्टोरे विरघळले आणि अनुदान तुम्ही मिळविलेत, अशी कबुली त्यांनी दिली.

खरी कसोटी पुढे आली. १९८४ मध्ये 'बर्गर किंग'ने रॉजर्स यांच्यासारखा दिसणारा नट घेऊन जाहिरात केली. मुलांना ते आपलेच रॉजर्स वाटतील, हा त्यांचा आक्षेप. त्यांनी कंपनीला कळविले; जाहिरात मागे घेतली गेली. मुलांनी टाकलेला विश्वास विकाऊ नव्हता.

आज मुलांच्या हातातील मोबाइलवर गोष्ट कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे मोठ्यांनाही कळत नाही. सुज्ञ वाचकहो, गल्ल्यावर बसलेला माणूस अनोळखी ग्राहकाला उधार देताना दहा वेळा विचार करतो. आपल्या लेकरांचे कान आणि मन मात्र आपण कोणाला, कोणत्या तारणावर देतो आहोत?