निळ्या उजेडाचा बागुलबुवा

चष्म्याच्या दुकानातल्या मुलानं खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला आणि माझ्या सुनेसमोर एक पांढरं कार्ड ठेवलं. आधी साधी काच मध्ये धरून त्यानं टॉर्च मारला. कार्डावर झगझगीत ठिपका उमटला. मग किंचित निळसर झाक मारणारी दुसरी काच धरली. ठिपका गायब! ‘‘बघा मॅडम, कॉम्प्युटरचे हे किरण दिवसभर तुमच्या डोळ्यांत जातात. ही काच घातलीत की बंद. डोळे थकणार नाहीत आणि रात्री झोपही छान लागेल.’’ साध्या काचेपेक्षा आठशे रुपये जास्त. मग तो माझ्याकडे वळला. ‘‘काकू, तुम्हीही मोबाईल बघतच असाल ना?’’ नऊ वर्षांच्या नातीच्या डोळ्यांना नंबरच नाही, तर तिच्यासाठी झीरो नंबरचा, गुलाबी फ्रेममधला. म्हणजे घरटी तीन चष्मे.

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. टेबलावर कुणी प्रयोग करून दाखवला की मला गप्प बसवत नाही. मी त्याला म्हटलं, ‘‘पुन्हा एकदा मार बघू टॉर्च. आता सांग, हा रंग कोणता?’’

‘‘ब्लू.’’

‘‘नीट बघ. तानापिहिनिपाजा शिकला होतास ना शाळेत? त्यातलं हे कुठलं अक्षर?’’

तो हसला. ‘‘जा. जांभळा.’’

‘‘आणि तू विकतोयस ते?’’

बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. टॉर्च त्याला कंपनीनं दिला होता आणि त्याबरोबर बोलायची वाक्यंही. त्या दिवशी आम्ही काही न घेताच बाहेर पडलो. सून रस्ताभर गप्प होती. मी तिला चारचौघांत तोंडघशी पाडलं असं तिला वाटलं असावं. तिला त्या चष्म्याची किती आशा होती हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. आमची सून अमेरिकेतल्या ग्राहकांचं काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. आठवड्यातले तीन दिवस डोंबिवलीतल्या आमच्या घरातूनच काम. सकाळी डबे, शाळा, मग लॅपटॉप, आणि रात्री साडेदहाला तिकडची मंडळी ताजीतवानी होऊन बसली की मीटिंग. ती बाराला संपते. त्यानंतर तासन् तास तिला झोप लागत नसे. अडीच वाजता मी पाण्याला उठले की स्वयंपाकघरात ही मोबाईल घेऊन बसलेली. डोळे लाल, चुरचुरणारे. अशाच एका सकाळी मी अंघोळ करून आले तर घरभर गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं आणि सून ओट्यापाशी उभी, उघड्या डोळ्यांनी त्या पातेल्याकडे बघत. मी ओरडले तेव्हा दचकली. ‘‘आई, मला दिसलंच नाही हो,’’ एवढंच म्हणाली. नात शेजारच्या खोलीत बूट घालत होती.

तेव्हा आठशे रुपयांत झोप मिळत असती तर आठ हजारही मी हसत दिले असते. प्रश्न पैशांचा नव्हताच.

आता त्या टॉर्चकडे येऊ. रंग मोजतात ते लहरींच्या लांबीवरून, नॅनोमीटरमध्ये. अशा दुकानी टॉर्चचे किरण साधारण ४०५ नॅनोमीटरचे असतात, म्हणजे ‘जा’च्याही अगदी टोकाचे. कॉम्प्युटरच्या वा मोबाईलच्या पडद्यातून हा रंग जवळजवळ येतच नाही. पडद्याचा निळा असतो ४५०च्या आसपास. आणि आपल्या शरीरातलं घड्याळ ज्या रंगाला सगळ्यांत जास्त दाद देतं, तो ४८०च्या आसपास, चांगला आकाशासारखा निळा. त्या पारदर्शक काचा ४०५ला अडवतात हे खरंच आहे, म्हणून तर ठिपका गायब होतो. पण पुढच्या निळ्याला त्या बऱ्यापैकी वाट करून देतात. नेहमीच्या अशा काचा एकूण निळ्या उजेडातला दहा ते पंचवीस टक्के भाग अडवतात, फार नाही. जास्त अडवायचा तर काच पिवळी-नारिंगी दिसणारच. निळा काढला की उरतो तो पिवळा, हे सातवीतलं पोरही सांगेल. पाण्यासारखी स्वच्छ काच घालून ‘माझा निळा उजेड बंद झाला’ म्हणणं म्हणजे चाळणीनं ऊन अडवण्यासारखं आहे.

डोळे थकण्याचं म्हणाल तर त्यात निळ्याचा हात असल्याचं सिद्धच होत नाही. २०२३ साली मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सतरा चाचण्या एकत्र करून तपासल्या. कोक्रेन या नावानं असे आढावे निघतात आणि डॉक्टर मंडळी त्यांना मानतात. निष्कर्ष असा, की साध्या काचेच्या तुलनेत या काचांमुळे कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण निदान थोड्या दिवसांत तरी बहुधा कमी होत नाही. झोपेबद्दल तर ठामपणे काही सांगावं इतका पुरावाच नाही. त्यातली सर्वांत लांब चाचणी पाच आठवड्यांची होती, हेही सांगितलं पाहिजे. ब्रिटनमध्ये तर अशा काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१७ मध्ये एका मोठ्या कंपनीला तिथल्या नियामक मंडळानं चाळीस हजार पौंड दंड केला होता. आपल्याकडे टॉर्च अजून खिशात आहे!

मग डोळे चुरचुरतात का? मी सुनेला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. (‘‘आता तिथं तरी मास्तरकी करू नकोस,’’ असं मुलानं बजावून पाठवलं होतं.) डॉक्टरांनी डोळ्यांत रंगाची पट्टी टेकवली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘अश्रूंचा थर टिकतच नाहीये. तुम्ही पापण्या मिटायला विसरता.’’ आपण एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्याकडे टक लावली की पाच-सातवर येतो. वरून एसीचा झोत थेट तोंडावर. त्यात आमच्या चिरंजीवांनी बायकोची मान दुखू नये म्हणून लॅपटॉप उंच स्टँडवर चढवून ठेवलेला. वर बघायचं म्हणजे डोळे अधिक उघडे आणि अधिक कोरडे. भरीस भर, चष्म्याचा नंबर पाच वर्षांपूर्वीचा. डाव्या डोळ्याला थोडा सिलिंडर आला होता आणि चाळिशी दोन वर्षांवर येऊन उभी होती.

चष्मा निवडायचाच असेल तर माझ्या मते खरी निवड इथं आहे. चाळिशीचा चष्मा आपण वाचायला करतो, पुस्तक धरतो तेवढ्या अंतराचा, फूट-सव्वा फुटाचा. पडदा असतो दोन फुटांवर. त्या चष्म्यानं तो पुसट दिसतो, मग माणूस मान पुढे काढून बसतो. माझ्यासारखे प्रोग्रेसिव्हवाले खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करतात आणि संध्याकाळी मानेला बाम चोळतात. तेव्हा चष्मा करायला जाताना घरातली शिवणाची टेप काढा, आपण बसतो तसं बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. आम्ही मोजला, बासष्ट सेंटीमीटर भरला. चमक कमी करणारं कोटिंग मागायला हरकत नाही, काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडत नाही. निळ्या कोटिंगला मात्र ‘नको’ म्हणा, आणि ते काचेत आलंच असेल तर त्यानं बिघडणारही काही नाही. नातीचा गुलाबी चष्मा मी बाद केला. तिला रोज संध्याकाळी मैदानात पिटाळते. चीनमधल्या ग्वांगझोमध्ये पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर काढलं, तर तीन वर्षांत जवळची दृष्टी झालेल्यांचं प्रमाण शंभरात चाळिसाच्या जागी तीसवर आलं, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं आहे.

झोपेची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि इथं निळ्याला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. १९९५ साली अमेरिकेत एक चमत्कारिक गोष्ट छापून आली. काही पूर्ण अंध माणसांच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला, तर त्यांच्या रक्तातलं मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची वर्दी देणारं संप्रेरक, कमी झालं. दिसत तर काही नव्हतं, पण डोळ्याला दिवस कळत होता! पुढे २००२च्या सुमारास त्यामागच्या पेशी नेत्रपटलात सापडल्या. त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड मोजतात, आणि त्यांना आवडतो तो ४८०चा निळा. मला हे वाचून निवृत्तीनंतरही अंगावर काटा आला. डोळ्याचा धडा मी इतकी वर्षं अर्धाच शिकवला होता की!

पण याचा अर्थ काय होतो पाहा. हा निळा दिवसा हवाच असतो. तो घड्याळाची किल्ली आहे. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशीही बाहेर हजारो. घरात रात्री शे-दोनशे. २०१३ साली कोलोरॅडोत आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. दिवसा ऊन, रात्री शेकोटी, विजेचा दिवा नाही. सगळ्यांची घड्याळं सुमारे दोन तास मागे येऊन सूर्याशी जुळली. आमची सून शाळेच्या बसपर्यंत चार मिनिटं जायची, तेवढंच तिचं ऊन. बाकी दिवस पडदे ओढलेल्या खोलीत. अशा माणसाला दिवसा निळा अडवणारा चष्मा देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं.

आणि रात्री? २०१४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना झोपण्याआधी चार तास भरपूर उजेडाच्या पडद्यावर पुस्तक वाचायला दिलं, नंतर तेच कागदावर. पडद्यावर वाचलं तेव्हा झोप लागायला उशीर झाला, पण किती? सुमारे दहा मिनिटं. सुनेचे अडीच तास त्या दहा मिनिटांत कसे बसवायचे?

रात्रीच्या उजेडाचा विचार करताना मी मोबाईल सोडून एकदा वर बघितलं. आमच्या दिवाणखान्यात दोन पांढऱ्याफेक नळ्या, स्वयंपाकघरात तीन. पिवळा दिवा म्हणजे चाळीतला चाळीस वॉटचा, गरिबीचा, अशी आपली समजूत. घर कसं लख्ख हवं! या पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळाच दिवा असतो, त्यावर पिवळ्या भुकटीचा लेप. त्या निळ्या दिव्याबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं, आणि वीज वाचली हे खरंच. पण रात्री अकराला आम्ही त्याखाली बसून मोबाईलच्या उजेडाची चिंता करत होतो. आता साडेआठनंतर नळ्या बंद आणि कोपऱ्यात पिवळा दिवा. मुलगा पहिले चार दिवस म्हणाला, ‘‘आई, देवळात बसल्यासारखं वाटतंय.’’ पाचव्या दिवशी सोफ्यावरच घोरू लागला.

सूनबाई सकाळी बस गेल्यावर अर्धा तास गच्चीवर चालते. नवा चष्मा, स्टँड खाली, एसीचा झोत वळवलेला, डोळ्यांत थेंब. चुरचुर महिन्याभरात गेली. झोप मात्र रेंगाळत आली. ज्या रात्री मीटिंग नसे त्या रात्री ती साडेअकराला झोपायची. मीटिंगच्या रात्री तीच तऱ्हा. चष्मा तोच, दिवा तोच, गच्ची तीच. मग आणखी काय शोधायचं राहिलं? बारा वाजेपर्यंत साहेबाला उत्तरं देणाऱ्या डोक्याला नारिंगी, हिरवी कुठलीही काच लावा, ते लगेच निजणार कसं? मला राग आला तो इथं. माणसाची रात्र घ्यायची कंपनीनं, आणि तिचं बिल फाडायचं चष्म्याच्या दुकानात, तेही त्याच माणसाच्या नावानं!

‘‘सांगून बघ त्यांना,’’ मी म्हटलं. ‘‘आई, असं नसतं हो,’’ ती म्हणाली. मी गॅसची आठवण काढली नाही, पण ती दोघींच्याही मनात होती. तीन आठवड्यांनी तिनं सांगून बघितलं. तिकडच्या बाईंना इकडे किती वाजलेले असतात हे खरंच ठाऊक नव्हतं! आठवड्यातल्या चारपैकी तीन मीटिंगा आता आमच्या संध्याकाळी सातला होतात, त्यांच्या सकाळी. गुरुवारची तेवढी साडेदहाची राहिली, ती काही हलेना.

त्या गुरुवारसाठी तिनं खरोखरीचा नारिंगी चष्मा घेतला आहे. असे गडद चष्मे निळा बराचसा अडवतात आणि निद्रानाश असलेल्यांवरच्या एका लहानशा चाचणीत ते उपयोगी पडल्याचं दिसलं आहे, म्हणून मी विरोध केला नाही. फक्त तो रात्रीच घालायचा, आणि घालून स्कूटर चालवायची नाही. पहिल्या गुरुवारी ती तो चढवून कॅमेऱ्यासमोर बसली. मी आतून ऐकत होते. एक मिनिट कुणीच काही बोललं नाही. मग तिकडून कुणीतरी अदबीनं विचारलं, तुम्ही आत्ता वेल्डिंगचं काम करत आहात का?