रोप लावले, पण जगले काय?

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी १ जुलैला राज्यात २ कोटी झाडे लावण्याची मोहीम निघाली. परंतु रोपाची खरी परीक्षा लावणीनंतरच्या उघडिपीत होते.

रेताड, बरड रानात पाणी ठरत नाही. पावसाने ओढ दिली की रोप पानांवरची बारीक छिद्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण हवेतला कर्बवायू आत शिरत नाही. मग ऊन लख्ख असूनही पानात अन्न तयार होत नाही. मुळी खोल जात नाही आणि उन्हाळ्यात रोप वाळते.

म्हणून आमचे मत असे की, नांदेड-लातूरकडील सभासदांनी झेपतील तेवढीच रोपे लावावीत, आळ्यात उसाचे पाचट पसरावे, पावसाच्या खंडात घागरभर पाणी घालावे. जगलेल्या झाडांची मोजदाद पुढच्या मृगात गटवार व्हावी.