‘मात्ते’चा हुकूम आणि जमिनीवरील झुंज

ज्युदो श्रेष्ठ की ब्राझिलियन जिउ-जित्सू, हा वाद प्रशिक्षकांत वारंवार निघतो. परंतु दोन्हींकडील डावांच्या याद्या समोर ठेवून तो सुटणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण त्या याद्या बव्हंशी एकच आहेत. 1882 साली जिगोरो कानो यांनी स्थापिलेल्या कोदोकान या ज्युदो-शाळेच्या परंपरेत तयार झालेले मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचले आणि पुढे ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्या ग्रेसी घराण्याने त्यांच्याकडून जी विद्या घेतली, तिचा मूळ पिंड ज्युदोचाच होता. 1951 साली रिओच्या माराकाना क्रीडागारात मासाहिको किमुरा यांनी एलिओ ग्रेसींचा हात ज्या ‘उदे-गारामी’ने, म्हणजे हात पिळण्याच्या डावाने, मोडला, तो डाव पराभूत पक्षाने विजेत्याच्याच नावाने आपल्या विद्येत सामावून घेतला, ही गुणग्राहकता आम्हांस फार मोठी वाटते.

खरा भेद आहे तो मुदतीचा. पाठीवर स्वच्छ फेक पडली, अथवा 20 सेकंद पकड टिकली, की ज्युदोत निकाल लागतो. जिउ-जित्सूत त्याच फेकीला केवळ 2 गुण आणि छातीवरील स्वारीला 4, व झुंज पुढे चालूच. या एका तरतुदीने शरीराला कशा सवयी जडतात, ते पालथ्या पडलेल्या ज्युदोपटूत पाहावे: कोपरे बरगड्यांशी, हनुवटी छातीशी, मुठी कॉलरवर, आणि सारे लक्ष पंचाच्या ‘मात्ते’, म्हणजे ‘थांबा’, या हुकुमाकडे. आखाड्यातून आलेली आमची मुले तर पाठ लागली की कुस्ती गेली, या धास्तीनेच पालथी होतात. जिउ-जित्सूच्या मॅटवर तो हुकूम येत नाही; प्रतिस्पर्धी पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत रोवतो, 4 गुण पदरात पाडून घेतो आणि सवडीने गळ्याकडे वळतो.

उलटपक्षी, खाली बसून प्रतिस्पर्ध्याला ‘गार्ड’मध्ये, म्हणजे आपल्या पायांच्या पकडीत, ओढण्याची मुभा असल्यामुळे जिउ-जित्सूचे अनेक स्पर्धक तोल मोडण्याची विद्या जवळजवळ विसरले आहेत, ही हानीही लहान नव्हे.

जमिनीवरची प्रदीर्घ झुंज ज्युदोला परकी आहे, हा समज मात्र निराधार होय. जपानच्या उच्च विद्यालयांतील कोसेन स्पर्धांत ती मुक्तपणे चाले, आणि पायांच्या त्रिकोणात गळा आवळण्याचा डाव तेथेच परिपक्व झाला. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक तालमीचा काही भाग ‘मात्ते’विना ठेवावा, आणि तो पालथ्या अवस्थेतूनच, पाठीवर जोडीदार घेऊन, सुरू करावा. पायांच्या सांध्यांवरील डावांची मात्र घाई नको: ज्युदोत केवळ कोपराच्या सांध्यावर डाव मान्य असल्याने आपल्या खेळाडूंस गुडघ्याच्या पिळाची ओळख नसते, आणि त्या पिळात पुरेशी वेदना जाणवण्यापूर्वीच अस्थिबंध तुटू शकतो; तेव्हा पकड पूर्ण बसताच, ताण येण्याची वाट न पाहता थाप देण्याची सवय आधी लावावी.