सिनेमा पाहा, माणसं मात्र तिथून उचलू नका

हिंदी सिनेमातला मराठी माणूस आठवून पाहा. तो हवालदार असतो, नाहीतर गुंडाच्या मागे उभा राहणारा हरकाम्या. बाई असली तर ती धुणीभांडी करायला आलेली. आपल्याला चीड येते आणि ती रास्त आहे. १९६८ च्या 'पडोसन'मध्ये मेहमूदने रंगवलेला दाक्षिणात्य गायनमास्तर पाहून तंजावर-कुंभकोणमकडच्या माणसाला हेच वाटलं तर नवल नाही. ज्या कावेरीकाठाने कर्नाटक संगीत वाढवलं, तिथला गवई सिनेमात नुसता हसण्यासाठी उभा केला आहे.

माझी विनंती अशी, की हीच चीड थोडी लावणीवाल्यांसाठीही राखून ठेवा. कारण आपण मराठी प्रेक्षकांनी गेली कित्येक वर्षं त्यांच्याशी तेच केलं आहे.

साचा सगळ्यांना पाठ आहे. लोडाला टेकून बसलेला फेटेवाला पाटील, त्याच्या बोटांत नोट, समोर नऊवारीतली बाई, पायात चाळ. ती गावातल्या एखाद्या सज्जनाला नादी लावणार, त्याचं घर बुडणार, बायको देवघरात रडणार. शेवटी ती बाई मरणार, नाहीतर पश्चात्तापाने शुद्ध होणार. फडात बायकी हावभाव करणारा पुरुष असला तर तो नाच्या, आणि त्याची टिंगल ठरलेली. 'नटरंग'ने २०१० साली त्या नाच्याचं दुःख समोर ठेवलं, हे त्या सिनेमाचं मोठेपण. आनंद यादवांच्या कादंबरीत ते बळ होतंच.

आता 'पिंजरा' घ्या. १९७२ चा व्ही. शांतारामांचा सिनेमा. आदर्श गावातले कडक गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या नादाने फडाबरोबर फिरू लागतात, आणि एक दिवस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहतात. तमाशा म्हटलं की दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे हीच गोष्ट येते. पण ही गोष्ट मुळात महाराष्ट्रातली नाही. ती 'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन सिनेमावरून घेतली, आणि तो सिनेमा हाइनरिक मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरून. तिथेही शिस्तीचा मास्तर आहे, कॅबरेत गाणारी मार्लेन डिट्रिश आहे, आणि मास्तराचा शेवटी विदूषक होतो. म्हणजे युरोपातल्या मध्यमवर्गाला गाणाऱ्या बाईची जी भीती वाटत होती, ती चाळ बांधून इकडे आली आणि आपण ती नारायणगाव-मोडनिंबच्या फडांतल्या बायकांच्या माथी मारली. डॉ. लागूंचा अभिनय, राम कदमांचं संगीत, यांबद्दल माझी तक्रार नाही. ती उत्तम कलाकृती आहे. तक्रार आपल्याबद्दल आहे. गोष्ट म्हणून पाहायची ती आपण पुरावा म्हणून घरी आणली.

असं जगभर घडतं, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पंक संगीत. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये पोरांनी स्वस्तातल्या गिटारी घेतल्या, येत होते तेवढे सूर वाजवले, फाटके कपडे सेफ्टी पिनांनी टाचले आणि बेकारीबद्दल, राणीबद्दल, पोलिसांबद्दल मनातलं ओरडून सांगितलं. अमेरिकी पडद्याने त्यातून एकच माणूस उचलला : उभ्या रंगीत केसांचा, हातात सुरा असलेला माथेफिरू. १९८२ मध्ये 'क्विन्सी' या दूरदर्शन मालिकेच्या एका भागात पंकवाल्या पोराचा खून होतो आणि डॉक्टर नायक त्याचं खापर त्या संगीतावरच फोडतो. १९८६ च्या चौथ्या 'स्टार ट्रेक' सिनेमात सॅन फ्रान्सिस्कोच्या बसमध्ये असाच एक तरुण कर्कश गाणं लावून बसतो. सिनेमाच्या नायकांपैकी एक असलेला स्पॉक त्याच्या मानेची शीर दाबून त्याला बेशुद्ध करतो आणि अख्खी बस टाळ्या वाजवते. तो तरुण खरा पंक नव्हताच. किर्क थॅचर हा त्या सिनेमाचाच एक सहनिर्माता केस उभे करून तिथे बसला होता, आणि ते गाणंही त्यानेच लिहून म्हटलं होतं. माणूस पडद्यामागचा, गाणं पडद्यामागचं, टाळ्या पडद्यामागच्यांनी लिहिलेल्या. ज्यांच्यावर ते बेतलं त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याच पंकवाल्यांनी १९७८ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड मेळावा भरवायला हातभार लावला. वॉशिंग्टनच्या 'मायनर थ्रेट' या बँडने १९८१ मध्ये नशेपासून दूर राहण्याबद्दल गाणं केलं, आणि त्यावरून व्यसनाला हात न लावणाऱ्या पोरांची एक चळवळच उभी राहिली. मारधाडीच्या सिनेमांना यातलं काही लागत नाही. पेनेलपी स्फीरिस या बाईंनी मात्र लॉस एंजेलिसच्या क्लबांत जाऊन, पोरांना बोलतं करून, त्यांच्या चांगल्या-वाईटासकट एक माहितीपट केला. १९८१ चा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन'. कुणाला पंक समजून घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करावी.

आपला लावणीचा साचा किती अपुरा आहे हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मात्र तंजावरकडे वळा.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी १६७६ मध्ये तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. मधल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी नाटकं झाली, कीर्तन रुजलं, आणि लावणीही तिथे पोचली. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या मराठी हस्तलिखितांत लावण्या आहेत. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दप्तराबाहेरचं. लावणी तिथल्या गावांत उतरली आणि तमिळ झाली.

तमिळ मासी महिन्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सुमारास, तंजावर भागातल्या गावांत कामन पंडिगै हा सण होतो. शंकराने तिसरा डोळा उघडून मदनाला जाळलं, ती कथा. या सणात लावणीचे दोन पक्ष समोरासमोर ठाकतात. एक 'एरिंद कट्ची', मदन जळाला म्हणणाऱ्यांचा. दुसरा 'एरियाद कट्ची', तो जळालाच नाही म्हणणाऱ्यांचा. हातात डफ, साथीला तुणतुणं. एका पक्षाने गाण्यातून सवाल टाकायचा, पुराणातला दाखला द्यायचा. दुसऱ्याने त्याच चालीत, तिथल्या तिथे तो खोडून काढायचा. शरीर जळूनही इच्छा कशी उरते, रतीला नवरा परत मिळाला तो कोणत्या रूपात, जे दिसत नाही ते नाही असं म्हणता येतं का, असा तो वाद आहे. श्रोते शेतकरी, शेतमजूर, दुकानदार. भाषा तमिळ, पण डफावरची थाप ऐकली की मराठी कानाला घरचं काहीतरी सापडतं.

तिथे नऊवारी नाही, चाळ नाहीत, पाटील नाही, नोट नाही. आणि तरीही ती लावणी आहे. आपल्याकडेही ती अशी होतीच. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष, एक शक्तीला मोठं मानणारा, दुसरा शिवाला. भेदिक लावण्यांतून ते एकमेकांना कोडी घालत आणि उत्तर न आलं तर हार मानावी लागे. तमाशात गण आहे, गवळण आहे, बतावणी आहे, वग आहे. यातला शृंगार खोटा नाही, तो लावणीचा जीव आहे आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण सिनेमाने अख्ख्या दालनातलं एक कपाट उघडलं आणि बाकीची कायमची बंद ठेवली.

माणसंही तशीच वगळली. सुलोचना चव्हाणांनी पडद्यावरच्या कितीतरी लावण्या गायल्या, त्यांतला ठसका महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. कार्यक्रमात त्या कशा उभ्या राहत ते आठवा. अंगभर पदर, पाय जागचे न हलणारे, सगळा खेळ गळ्यात. यमुनाबाई वाईकर बसून अदा करत, एका ओळीचे नाना अर्थ डोळ्यांनी आणि बोटांनी दाखवत. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. नादी लावणारी बाई या एका ओळीत ही बाई मावते का, तुम्हीच सांगा. फड चालवणं म्हणजे पन्नास पोटांची जबाबदारी, गाड्या, तंबू, यात्रेच्या तारखा, सावकाराची उचल. हे सगळं बायकांनी पेललं.

तंजावरच्या दरबारातल्या नर्तकींच्या वंशातल्या बालसरस्वतींवर सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये 'बाला' हा माहितीपट केला. त्यात ती बाई कुणाला नादी लावत नाही, कुणासाठी मरत नाही. ती बोलते, रियाज करते, नाचते. आपल्याकडे सावित्री मेधातुल यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट आहे आणि भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आहे. दोन्हींत लावणी कलावंत स्वतः बोलतात. जमेल तिथे मिळवून पाहा, वाचा.

आणि पुढच्या वेळी कोणताही असा सिनेमा पाहाल, लावणीचा असो की केस रंगवलेल्या पोरांचा, तेव्हा एवढं बघा : त्या माणसाला पडद्यावर हिशोब करण्याचा, मुलाच्या शाळेची फी भरण्याचा, थकून जेवायला बसण्याचा एक तरी प्रसंग दिला आहे का? नसेल तर तो माणूस नाही, नायकाची गोष्ट पुढे ढकलण्यासाठी ठेवलेली वस्तू आहे.

शाळेत गॅदरिंग बसवणाऱ्या बाईंना आणि सरांना माझं हात जोडून सांगणं आहे. मुलींना लावणी जरूर शिकवा, पण समोर मिशी लावून नोटा उडवणारा छोटा पाटील बसवू नका. आठ वर्षांच्या मुलाला बाईकडे असं पाहायला शिकवणं हे त्या नाचातलं सगळ्यात वाईट काम आहे. त्याऐवजी दोन गट करून सवाल-जवाब बसवा. मुलांना ते फार आवडतं.

गावच्या यात्रेसाठी किंवा मंडळासाठी फडाला सुपारी देणाऱ्यांनी मानधन आधी ठरवावं आणि वेळेवर द्यावं, कपडे बदलायला बंद खोली द्यावी, रात्री परतीच्या गाडीची सोय पाहावी. सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करण्याआधी 'तुमचं काय आहे ते ऐकवा' असं एकदा म्हणून पाहावं. तमिळनाडूत करगाट्टम या नाचाचं काय झालं ते नजरेसमोर आहे. १९८९ चा 'करगाट्टक्कारन' हा सिनेमा तुफान चालला, पण डोक्यावर कलश तोलून नाचणाऱ्या त्या कलावंतांकडे गावोगाव सिनेगाण्यांची आणि अचकट-विचकट विनोदांचीच मागणी होत राहिली. लोक जे मागतात तेच शेवटी उरतं. स्टेजखाली मोबाइल धरून कोण काय टिपतो आहे याकडेही संयोजकांनी लक्ष द्यावं. तो तुमच्या गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

आणि आईवडिलांनो, मुलगी एक दिवस काळा टी-शर्ट घालून, अर्धे केस भादरून घरी आली तर सिनेमातला सुरेवाला आठवू नका. तिला विचारा काय ऐकतेस. एखाद्या कार्यक्रमाला तिच्याबरोबर जा, मागच्या बाजूला उभे राहा, कानात कापूस घालायला हरकत नाही. काळजी करण्यासारखं काही असलंच तर ते तिच्या वागण्यात, झोपेत, मित्रांत दिसेल, केसांच्या रंगात दिसणार नाही.

तंजावरला जाणारे बहुतेक जण बृहदीश्वराचं मंदिर आणि सरस्वती महाल पाहून पुढे रामेश्वरला निघतात. तुमची सहल फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये असेल तर एक रात्र जास्त ठेवा. आसपासच्या कोणत्या गावात कामन पंडिगैची लावणी आहे ते स्थानिक माणसांना विचारा. शहरात मराठी घरं अजून आहेत. त्यांच्यातलं कुणी बरोबर आलं तर फार बरं, कारण तमिळ सवाल त्यांना कळतो आणि मराठीत सांगताही येतो. आणि मध्येच उठू नका, दुसऱ्या पक्षाचं उत्तर ऐकूनच उठा.